आतल्या बाजूचा सागवान

भोजराजच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात पाटील बोलायला उभे राहिले, तेव्हाच माझं डोकं फिरलं होतं. विहारासमोर छोटा मांडव होता, माईक खरखरत होता, आणि आमच्या मोहल्ल्यातली झाडून सगळी माणसं सतरंजीवर बसली होती. पाटलांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "भोजराज पेंटरचा हात आयुष्यात कधी चुकला नाही. आमच्या घरच्या दाराचं जे झालं, त्यात त्याचा काही दोष नव्हता." लोकांनी माना हलवल्या. मागून कोणीतरी 'बरोबर आहे' म्हणालं. मी रुखमाकडे, भोजराजच्या बायकोकडे पाहिलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती.

एवढंच वाक्य. याच वाक्यासाठी तो माणूस वर्षानुवर्षं पाटलांच्या मागे फिरला, बसस्टँडवर थांबला, ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसून राहिला. तो जिवंत होता तोवर ते पाटलांच्या तोंडून निघालं नाही. फोटोला हार घातल्यावर निघालं, तेही माईकवर. मेल्यावर दूध पाजायला सगळेच तयार असतात. भाषण झालं, पाटील खाली खुर्चीवर येऊन बसले, त्यांना चहाचा ग्लास दिला. तो ग्लास त्यांनी शेवटपर्यंत हातात धरला आणि जाताना भरलेलाच खुर्चीखाली ठेवला. नर्सची नोकरी केलेल्या बाईला माणसाच्या तोंडाकडे कमी आणि हाताकडे जास्त पाहायची सवय असते. मी ते पाहिलं आणि रुखमानंही पाहिलं.

आमचं गाव सिहोऱ्यापासून थोडं आत आहे. चारी बाजूंनी धानाच्या बांध्या, गावाच्या अंगाला लागून तलाव, आणि पावसाळ्यात घराच्या भिंतींनाही घाम फुटतो. गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा माझी बदली इथल्या उपकेंद्रात झाली, आणि मोहल्ल्यात मला घर मिळालं ते भोजराजच्या शेजारी. आमच्या दोन घरांच्या मध्ये एक शेवग्याचं झाड होतं. त्याच्या शेंगा रुखमा तोडायची आणि त्याचा कचरा मी झाडायची. असा आमचा शेजार होता.

पहिल्याच दिवशी मी त्याला 'रंगवाले भाऊ' म्हटलं, तर त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. म्हणाला, रंगवाले ते, जे पोळ्याला बैलाची शिंगं रंगवतात, मी पेंटर आहो. उंच, हाडकुळा, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा. रंगकाम करणारा माणूस आणि सदऱ्यावर एक थेंब नाही, याचा त्याला इतका गर्व होता की काम करताना मुद्दाम पांढराच घालायचा. खिशात एक शिंगाची फणी असायची, मधले मधले दात तोडलेली. मोहल्ल्यातल्या एका पोरीनं एकदा केस विंचरायला ती मागितली, तर हा तिच्यावर असा खेकसला की ती रडतच घरी गेली. ती फणी केसांची नव्हतीच. ओल्या रंगावरून ती ओढली की लाकडाच्या रेघा उमटायच्या.

त्याचा धंदाच तो. आंब्याचं दार घ्यायचं आणि त्याचं सागवान करायचं. आमच्याकडे जंगल सागवानाचं, पण गावात सागवान आणायचा म्हटलं तर पास काढा, शिक्का आणा, जाब द्या. म्हणून ज्याच्या त्याच्या घराला दार आंब्याचं नाहीतर कडुनिंबाचं. पण सोयरीक जुळवायला पाहुणे येतात ते आधी दाराकडे पाहतात, आणि दार सागवानाचं दिसलं पाहिजे. मग भोजराजला बोलावणं जायचं. आधी पिवळसर अस्तर, ते वाळलं की वर तपकिरी रंगाचा पातळ हात, आणि तो ओला असतानाच फणी, फडकं, सायकलच्या ट्यूबचा तुकडा, असं काय काय चालवून तो रेघा काढायचा. गाठ मात्र अंगठ्यानं. फडक्यात गुंडाळलेला अंगठा टेकवून जरासा फिरवला की लाकडात डोळा उघडायचा. त्यावर व्हार्निशचे हात. मी पुष्कळदा उभी राहून पाहिलंय. फांदी कुठून फुटली असेल याचा तो आधी विचार करायचा आणि मग गाठ टाकायचा. उगाच कुठंही नाही.

एकदा जंगलातला एक नवा गार्ड मोटारसायकलवरून गावात शिरला आणि राशन दुकानदाराच्या दारासमोर थांबला. इतका जाड सागवान, पास कुठं आहे? दुकानदार म्हणाला, साहेब, आंबा आहे. गार्ड म्हणाला, मी काय दूध पितो काय? अर्धं गाव जमलं. शेवटी गार्डनं खिशातला चाकू काढून दारावर ओरखडा मारला. आधी पिवळं निघालं, मग पांढरं फटक लाकूड. लोक हसून लोटपोट झाले. भोजराज तेवढा हसला नाही. तो त्या ओरखड्यापाशी बसला, बोटानं चाचपून पाहिला, आणि गार्डला म्हणाला की आता तुम्ही इथून हलायचं नाही. घरून डबे आणून त्यानं ओरखडा भरला, रेघेला रेघ जुळवली, आणि तोवर तो गार्ड बिचारा उन्हात उभा. पुढं कितीतरी दिवस भोजराज भेटेल त्याला सांगायचा, "मले तं जंगलखात्यानं पास केलं हाय."

दुसरी त्याची सवय मिठाची. कोणाच्याही घरी कामाला गेला की अंगणातून हाक मारायचा, बाई, मीठ दाखवा. घरची बाई मिठाचं भांडं घेऊन दारात यायची. तो वाकून पाहायचा. मीठ मोकळं असलं तर डबे उघडायचा. मिठाला ओल सुटली असली तर पिशवी उचलून परत घरी. मग समोर लग्न असो की बारसं असो. आमच्या हेडमास्तरांच्या घरी तो लागोपाठ तीनदा जाऊन परत आला, शेवटी मास्तरीणबाईंनी मीठ तव्यावर भाजून त्याला दाखवलं. ते त्यानं चिमटीत धरलं, गरम लागलं, आणि तिथंच हात जोडून म्हणाला की तुमचं दार तुम्हीच रंगवून घ्या. परत गेलाच नाही. असा तिरसट.

गोड माणूस होता असं मी म्हणणार नाही. मेला म्हणून खोटं कशाला बोलू? जिभेला हाड नव्हतं. माझ्या घराच्या दाराला मी हिरवा रंग दिला तर म्हणाला, दवाखान्याचं दार घरी काहून आणलं? आणि त्या दारावरून पुढं महिनाभर माझ्याशी बोलला नाही. दुसऱ्या पेंटरांना तो 'चुना मारणारे' म्हणायचा. सख्खा पुतण्या शिकायला आला तर त्याला नुसते डबे धुवायला लावले. पोरगा कंटाळून नागपूरला गेला आणि तिथं भिंतींना पुट्टी मारू लागला. भोजराज म्हणाला, जाऊ दे, त्याच्या अंगठ्यात जीवच नव्हता. कोणाकडे जेवायला गेला तरी ताटाआधी पाट उलटा करून लाकूड पाहायचा. रुखमा लाजेनं मरून जायची.

पण कामात खोट नाही. दाराला सहा तोंडं असतात असं तो म्हणायचा. पुढचं, मागचं, दोन बाजूंची, वरचं आणि खालचं. तो दाराच्या फळ्या बिजागऱ्यांतून काढून अंगणात तिवईवर आडव्या ठेवायचा आणि सगळ्यात आधी खालचं तोंड रंगवायचा, जे कोणालाच कधी दिसत नाही. ओल तिथूनच चढते. एक तोंड जरी उघडं राहिलं तर आमच्याकडच्या पावसाळ्यात लाकूड त्याच तोंडानं पाणी पितं, आणि मग ते फुगतं, वाकतं, चौकटीत अडकतं. हे तो गिऱ्हाइकाला आधी सांगायचा, काम झाल्यावर सांगायचा आणि दिवाळीला भेटला तर पुन्हा सांगायचा. लोक कंटाळायचे.

पाटलांनी नवं घर बांधलं तेव्हा दार रंगवायला भोजराजशिवाय दुसरं नाव कोणी घेतलंच नाही. दोन फळ्यांचं मोठं दार, आंब्याचं. उन्हाळ्याचे दिवस होते, मीठ मोकळं होतं. पण पाटलांची म्हातारी आई होती, तिचे नियम होते. चौकटीची पूजा करून मुहूर्तावर बसवलेलं दार वर्षाचे सण होईपर्यंत उतरवायचं नाही. आणि दाराच्या सरळ समोर देवघर, त्यामुळे भोजराजनं उंबऱ्याच्या आत यायचं नाही. हे तोंडानं कोणी म्हटलं नाही. म्हातारी नुसती देवघरापुढं पाट टाकून बसून राहिली, आणि ज्याला समजायचं त्याला समजलं.

मी तेव्हा त्या घरात आतच होते, म्हातारीचं बीपी पाहत. मला आत बोलवायचे. दोन सुनांची बाळंतपणं माझ्या हातची, सुई टोचणाऱ्या हाताचा त्या घरात विटाळ नव्हता. कप मात्र वेगळा, दांडी तुटलेला, खिडकीत पालथा ठेवलेला. म्हणून पुढचं मी स्वतःच्या कानांनी ऐकलेलं आहे. पाटील अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मोठा गोडबोल्या माणूस, आवाज चढवणं त्यांच्या रक्तात नाही. म्हणाले, "बाहेरून कर तू, भोजराज. आतून आमचा माणूस हात मारून घेईल."

भोजराज म्हणाला, "पाटील, एका बाजूनं शेकलेली भाकर वाकडीच होते. आतून बी आत्ताच झालं पायजे. पाणकळा लागू देऊ नका."

"अरे, होते म्हणतो ना," पाटील म्हणाले.

त्यानं बाहेरून रंगवलं. ते काम त्याच्या हातून झालेल्या सगळ्या कामांत उजवं होतं, हे मी शपथेवर सांगेन. लोक सायकली थांबवून पाहायचे. डाव्या फळीवर त्यानं एक गाठ काढली होती, तिच्याभोवती रेघा अशा वळल्या होत्या की हात लावून पाहावंसं वाटायचं. पाटील पाहुण्यांना सांगायचे की जुन्या झाडाचा सागवान आहे, आता असा मिळत नाही. भोजराजच्या कानावर ते आलं तेव्हा तो खूश झाला. आतून हात मारणारा माणूस काही आला नाही. मृग गेला, आर्द्रा गेली, पावसानं झड लावली, आतली बाजू कोरीच.

श्रावणात आमच्याकडे घरोघरी कानोबा बसतो. कुंभाराकडून मातीचा कृष्ण आणायचा, वर फुलोरा बांधायचा, रात्रभर भजन आणि दुसऱ्या दिवशी तलावात शिरवायचा. पाटलांचा कानोबा गावात सगळ्यात मोठा. दुसऱ्या दिवशी पाटावर घेऊन निघाले तर दाराची एक फळी उघडेना. रात्रभराच्या गर्दीत अर्धंच दार उघडं होतं, कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. फळी मधोमध फुगून खालून उंबऱ्यात गच्च बसली होती. दोघांनी कडी धरून आत ओढली. भजनी मंडळ मागं थांबलेलं, बाहेर पाऊस, टाळ वाजताहेत. तिसऱ्यानं जोर केला तशी फळी एकदम सुटली आणि पाट धरलेल्याच्या कोपरावर आदळली. कानोबाचा बासरीचा हात तुटून उंबऱ्यावर पडला.

म्हातारीनं जी किंकाळी फोडली ती म्हणे तलावापर्यंत गेली. मग सुरू झालं. कोणी म्हणे रंगात काहीतरी मिसळलं होतं. कोणी म्हणे लाकडाला मुद्दाम ओल ठेवली. आणि जे सगळ्यांच्या पोटात होतं ते शेवटी एकीनं पाणवठ्यावर बोलून दाखवलं, की त्याच्या हातचा रंग देवाला चालला नाही. मी तिथंच होते. मी मोठ्यानं सांगितलं की दार आतून कोरं ठेवलं होतं, भोजराजनं आधी बजावलं होतं, मी हजर होते. ती बाई शांतपणे म्हणाली, "तुमी तं एकाच मोहल्ल्याचे, बाई. तुमी तसंच म्हणान."

संपलं. आमच्या मोहल्ल्यातल्या शंभर तोंडांनी सांगितलं असतं तरी ते एकाच मोहल्ल्याचं झालं असतं. पाटलांनी एकदा म्हटलं असतं तर गाव गप्प बसलं असतं. भोजराजला हे त्याच दिवशी कळलं. त्याला नवीन काम नको होतं, भरपाई नको होती. फक्त पाटलांनी चारचौघांत म्हणावं, भोजराजचा हात चुकला नाही. बस.

पाटील त्याला टाळायचे नाहीत, हीच तर गंमत. भेटले की खांद्यावर हात ठेवायचे, तोही घराबाहेर. एकदा बांधावर दोघंच असताना म्हणाले, "माहीत हाय रे मले. पण म्हातारी हाय तोवर काय बोलू?" भोजराज तिथून थेट माझ्याकडे आला. मी भांडी घासत होते. त्याचा चेहरा उजळला होता. "बोलणार हायेत, बाई," म्हणाला. "म्हातारी जाऊ दे फक्त." मला इतका राग आला. म्हटलं, भोजराजभाऊ, एका म्हातारीच्या मरणाची वाट पाहणं तुम्हाला शोभतं का? तो म्हणाला, मी कुठं वाट पाहून राहिलो, ती तिच्या वेळेनं जाईल.

ती तिच्या वेळेनं गेली. तिच्या मातीला भोजराज गेला, लांब उभा राहिला. तेरवी झाली. त्यानं महिनाभर धीर धरला आणि मग पाटलांना गाठलं. पाटील म्हणाले, "आता बोललो तं मेलेल्या मायचं नाव खराब होते, भोजराज. तूच सांग, कसं बोलू?" आणि हा मूर्ख माणूस मला येऊन म्हणतो, बाई, त्यांचं बी बरोबर हाय. मी त्या दिवशी त्याला चहा दिला नाही. मला त्याचंच तोंड पाहायची इच्छा नव्हती.

गावानं बोलावणं बंद केलं, मग शेजारच्या गावांनी केलं. तुमसरहून दुसरे पेंटर येऊ लागले. पुढं तर प्लास्टिकची दारंच निघाली, छापील रेघांची, प्रत्येक दारावर तीच गाठ त्याच जागी. भोजराज रस्त्याच्या कडेच्या झाडांना गेरू-चुन्याचे पट्टे मारायच्या मजुरीवर जाऊ लागला. 'चुना मारणारे' हा शब्द त्याच्या तोंडून पुन्हा कधी ऐकला नाही. पांढरा सदरा त्यानं रुखमाला पोत्यात बांधून ठेवायला सांगितला. संध्याकाळी परत आला की पाय धुवायच्या आधी विचारायचा, "कोणी काही बोललं काय?" रुखमा चिडायची. एकदा ती म्हणाली, "कायले त्या एका बोलण्याच्या मागं लागले? त्यानं काय चूल पेटते?" तो म्हणाला, "चूल तुही रोज पेटते. माहा हात विझला, त्याचं सांग."

मधे एका हिवाळ्यात त्यानं स्वतःच्या घराचं दार उतरवलं. तेही आंब्याचंच, जुनं, रंग उडालेलं. पेंटराच्या घराला रंग नाही म्हणून लोक हसायचे ते वेगळंच. दिवाळीनंतर सुरू केलेलं ते काम होळीपर्यंत चाललं. एवढे दिवस दाराला गोणपाटाचा पडदा, रुखमा थंडीनं काकडत होती आणि त्याला शिव्या देत होती. दार परत बसलं तेव्हा मी पाहायला गेले. बाहेरून नुसता राखाडी रंग, विजेच्या खांबाला देतात तसला. मी म्हटलं, हे काय केलंत? त्यानं मला आत बोलावलं आणि दार लावलं. आतली बाजू अख्खी सागवान होती. पाटलांच्या दारावरची ती गाठ, तिच्याभोवती वळलेल्या त्याच रेघा, पण त्याहून बारीक, त्याहून निवांत. खाली वाकून त्यानं मला खालचं तोंडही दाखवलं. तिथंही रंग होता. मी विचारलं, एवढं सुंदर काम आतून का केलं, बाहेर कोणाला दिसणार?

"बाहेरच्या लोकायनं मले बाहेरचंच काम देल्लं," तो म्हणाला. "मी बी त्यायले बाहेरचंच दाखवतो."

मग दम लागायला सुरुवात झाली. आधी चढावर, मग सपाटीवर, मग बसल्या बसल्या. भंडाऱ्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं, त्यांनी फुफ्फुसाचं सांगितलं आणि गोळ्या दिल्या. शेवटच्या पावसाळ्यात तो खाटेवरच होता. खाट त्यानं हट्टानं दाराच्या समोर लावून घेतली होती. मी तोवर निवृत्त झाले होते, पण त्याला इंजेक्शन द्यायला मीच जायची. दुसऱ्या कोणाचा हात त्याला चालत नसे. माझ्याही कामाला नावं ठेवायचा, पण हात माझाच लागायचा.

ग्रामपंचायतीच्या निवडणुका आल्या. पाटलांचा मुलगा उभा होता आणि आमच्या मोहल्ल्याची मतं यावेळी दुसरीकडे झुकली होती. भाद्रपद संपत आला होता, पण पाऊस हटत नव्हता. मी इंजेक्शन देऊन सुई टाकत होते, तेवढ्यात बाहेर गलका झाला. पाटील, त्यांचा मुलगा, मागं छत्र्या घेतलेली माणसं, आणि त्यांच्यामागं आमचाच अर्धा मोहल्ला. दार उघडंच होतं. पाटील ओट्याखाली थांबले आणि म्हणाले, "भोजराजभाऊ, तब्येत कशी आहे तुमची?"

इतक्या वर्षांत भाऊ पहिल्यांदाच, आणि तुमची पण पहिल्यांदाच. भोजराज कोपरावर उठला. पाटील म्हणाले की बऱ्याच दिवसांचं एक बोलायचं राहिलं आहे, ते आज सगळ्यांसमोर बोलून टाकतो, मोहल्ल्यानं ऐकावं. ते काय बोलणार हे सगळ्यांना माहीत होतं. मी भोजराजकडे पाहिलं. त्याचे डोळे लहान मुलासारखे झाले होते. त्यानं रुखमाला हातानं खूण केली. तिनं घाईघाईनं घरातली एकुलती खुर्ची पुसून मांडली, तांब्या भरला, वर ग्लास पालथा ठेवला.

"आत या, पाटील," भोजराज म्हणाला. "आत येऊन बोला."

पाटलांनी खुर्चीकडे पाहिलं, तांब्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडे. "इथूनच बरं आहे," म्हणाले. "पाय चिखलाचे आहेत."

"चिखल झाडता येते. या."

पाटील जागचे हलले नाहीत. मोहल्ल्यातलाच एक जण मागून म्हणाला, बोलू द्या ना तिथून, बोलण्याशी मतलब. पाटलांना तेवढाच आधार झाला. ते सरळ उभे राहिले, लोकांकडे वळले आणि सुरुवात केली, "तर लोकहो, आपले भोजराजभाऊ..."

"दार लाव," भोजराज रुखमाला म्हणाला.

रुखमा गोंधळली. तिनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं ओरडावं, की अहो, इतकी वर्षं ज्याच्यासाठी काढली ते दारात आलंय, ऐकून तर घ्या. तो पुन्हा म्हणाला, "लाव म्हणतो ना." रुखमानं जाऊन दार लावलं. बाहेर थोडा वेळ कुजबुज झाली, कोणीतरी 'माजला आहे' म्हणालं, आणि मग पावलं चिखलातून परत गेली. पुढं मतं पाटलांच्या मुलालाच पडली. एवढा मोठा माणूस दारात आला आणि यानं दार लावलं, याचा राग मोहल्ल्याला पाटलांपेक्षा भोजराजवर जास्त आला होता. दिवाळीच्या आत भोजराज गेला, आणि त्याच मोहल्ल्यानं पाटलांना शोकसभेत माईक दिला.

पण माझ्या डोळ्यांसमोर राहिला आहे तो त्या दिवसाचा थोडासा वेळ, दार लागल्यानंतरचा. आत अंधारलं होतं. भोजराजला धाप लागली होती, मी त्याची पाठ चोळत होते. जरा श्वास बसल्यावर म्हणाला, "बाई, मीठ पाहा बरं."

मी चुलीजवळचं मिठाचं भांडं उचलून आणलं आणि त्याच्यापुढं धरलं. मिठाचं पाणी पाणी झालं होतं. त्यानं भांड्यात पाहिलं आणि मग दाराकडे पाहिलं.

"पाहा," म्हणाला. "अटकलं नाही. आवाज तरी आला काय?"

खरंच आला नव्हता. एवढ्या ओलीत दोन्ही फळ्या अलगद चौकटीत जाऊन बसल्या होत्या. मग त्यानं माझं मनगट धरलं. अंगठा तेवढा घट्ट होता.

"म्हणजे माहा हात चुकला नव्हता ना, बाई?"

"नव्हता चुकला," मी म्हटलं. "मी होते ना तिथं. नव्हता चुकला."

त्यानं मान हलवली. पण माझ्या म्हणण्यानं त्याचं भागलं नाही, ते मला त्याच्या तोंडावर दिसलं. मनगट सोडून तो पुन्हा आडवा झाला, दाराकडे तोंड करून. आधी मला वाटलं गाठ पाहतोय. मग कळलं की पाहत नाहीये, कान देऊन ऐकतोय, बाहेरून परत येऊन कोणी कडी वाजवतं की काय. मी बराच वेळ बसले. कडी वाजली नाही.